उसनी चाल

१

पडद्यावर एक बाई जिना चढत होती आणि खाली अंधाऱ्या खोलीत साठी ओलांडलेले चालकर तिचे पाय झाले होते.

चालकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. सिनेमात माणसं चालताना दिसतात, पण त्यांच्या पावलांचा आवाज बहुतेक वेळा मागाहून भरावा लागतो. तो भरणारा एक माणूस असतो, आणि या स्टुडिओत वर्षानुवर्षं तो माणूस हेच असल्यामुळे कुण्या टवाळाने त्यांना हे नाव चिकटवलं. पुढे पुढे बाहेरची माणसंही फोनवर 'चालकर आहेत का' म्हणून विचारू लागली, आणि त्यांनीही वाद घालणं सोडून दिलं.

खोलीच्या एका भिंतीला बुटांची मांडणी होती. उंच टाचांचे, टाचा झिजलेले, पोलिसाचे, रबरी चपला, जोडीदार हरवलेला एकटाच बूट. जमिनीत चौकोन पाडलेले होते, एकात लाकडी फळ्या, एकात फरशी, एकात वाळू. चालकर आपल्या चौकोनात जागच्या जागी चालायचे. पडद्यावरचा माणूस गाव ओलांडून गेला तरी हे तसूभर पुढे सरकत नसत, कारण पायाशी ठेवलेला माइक काही त्यांच्यामागे येणार नव्हता.

"थांबा जरा," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाली. तिशीची मुलगी, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. "काका, बाई जिना चढतेय की जुनं कपाट उघडतेय? मधेमधे काहीतरी कुरकुरतंय."

"बूट असेल."

त्यांनी बूट बदलला. मग फळी बदलली. फळीखाली कापडाची घडी सारली. शेवटी बूट काढून मोज्यांवर चालून पाहिलं. रेकॉर्डिस्टने स्पीकर सुरू करून त्यांना ऐकवलं. पावलाबरोबर एक बारीक 'चुईं' येत होतं, ओला अंगठा काचेवरून ओढावा तसं.

"काका," ती हसत म्हणाली, "हे तुम्हीच वाजताय."

दोघंही खूप हसले. उजव्या खुब्याचा सांधा बदलून त्यांना वर्ष होत आलं होतं. आत सिरॅमिकचा गोळा होता आणि तो सिरॅमिकच्याच वाटीत फिरत होता. सर्जनने आधीच सांगितलं होतं की हे दोन्ही अतिशय गुळगुळीत, अतिशय टणक, सहसा झिजत नाहीत; क्वचित आवाज करतात; फारच क्वचित तडकतात. चालकरांनी 'झिजत नाहीत' एवढंच गाठीशी बांधून घेतलं होतं आणि बाकीचं कानाआड केलं होतं.

"तेल घालून या उद्या," ती म्हणाली. "आजचं मी पुसून टाकते." मग तिने पुन्हा कानाला हेडफोन लावला आणि तिचा चेहरा जरा गंभीर झाला. "एक गंमत आहे पण. हे पाऊल पडायच्या आधी येतंय."

"सांधा आधी हलतो आणि पाय मागून टेकतो. यात काय गंमत?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. पण तिने तो तुकडा आणखी दोनदा ऐकला, आणि चालकर बुटांची नाडी बांधण्यात उगाचच वेळ काढत राहिले.

२

चालकरांच्या घरी दारावरची घंटा कधी फारशी वाजली नाही. तशी गरजच पडत नसे.

मुलगी पायाशी घुटमळण्याएवढी होती तेव्हापासूनचा त्यांचा एक खेळ होता. कामावरून आल्यावर ते बाहेरच्या पॅसेजमध्ये एकेकाची चाल चालून दाखवायचे, आणि ती आतून दाराला कान लावून ओळखायची. पोलीस. झिंगलेला माणूस. समोरच्या काकू, आणि आज त्या रागावल्यात. सगळं चुकतमाकत ओळखून झालं की शेवटी ते आपल्या स्वतःच्या चालीने दाराशी यायचे. उजवं पाऊल जरा जड, डावं हलकं, आणि थांबताना टाच एकदा घासायची. मगच आतली कडी निघायची. नियम एकच होता, आणि तो त्यांनीच घालून दिला होता: तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, पायावर ठेवायचा.

एकदा तर त्यांनी कहरच केला. स्वतःचा आवाज टेपरेकॉर्डरवर भरला, तो आतल्या खोलीत पलंगाखाली लपवून चालू केला आणि स्वतः गुपचूप बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आतून त्यांचाच आवाज आला, "बाळा, मी आत आहे. दार उघडू नकोस." बाहेर त्यांची पावलं वाजली. पोरगी एक क्षण घोटाळली, मग म्हणाली, "आतला बाबा पेटीतला आहे," आणि तिने कडी काढली. त्या दिवशी चालकरांची छाती फुगली होती. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला धरून ऐकवली.

आता ती मुलगी चांगली मोठी, नोकरी करणारी होती. ऑपरेशनच्या वेळी बापाकडे बघायला म्हणून आली आणि राहूनच गेली. बायको गेल्यावर पायाच्या आवाजावरून त्यांना ओळखणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्यांना गमवायचं नव्हतं.

पण ओळखायला चाल तर हवी. सांधा झिजत गेला तशी त्यांची जुनी चाल कधीच मोडली होती. तिच्या जागी एक वेडंवाकडं लंगडणं आलं, आणि नवा सांधा बसवल्यावरही ते गेलं नाही. व्यायाम करवून घेणारा फिजिओथेरपिस्ट वैतागला होता.

"सर, तुमचा खुबा ठणठणीत आहे. लंगडतंय ते डोकं," तो म्हणाला. "असं करा, थोडे दिवस दुसऱ्याच कुणाची तरी चाल धरा. डोक्याला चकवा द्या."

दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. चालकरांच्या पोतडीत मात्र शेकड्याने चाली पडून होत्या. हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये कठडा धरून त्यांनी एकेक घालून पाहिली. तरण्या पोरांच्या पेलवेनात. शिपायाची दुखायला लागली. आणि मग एक अशी काही अंगाला बसली की फिजिओथेरपिस्टने टाळीच वाजवली.

ती एका फार जुन्या सिनेमातली होती. तो सिनेमा पुरा झालाच नाही. त्यात एक माणूस लांब बोळातून एका दाराकडे येतो, एवढाच प्रसंग त्यांच्या वाट्याला आला होता. चेहरा दिसत नव्हता, नुसती तपकिरी बुटांतली पावलं. दिग्दर्शकाने त्यांना सांगितलं होतं, "हा माणूस घाईत नाही. दार उघडणार आहे हे त्याला माहीत आहे." त्यावर चालकरांनी एक संथ, सारख्या वजनाची चाल बसवली होती. शेवटचं पाऊल टाकायच्या आधी ती किंचित थांबायची. कुणाची नक्कल नव्हती ती. त्या चालीला आजवर माणूस मिळाला नव्हता.

ही चाल पहिल्यांदा घेऊन ते घरी आले तेव्हा मुलीने दार उघडलं नाही. शेवटी त्यांनी घंटा वाजवली.

"मला वाटलं, दुसरंच कुणीतरी आलंय," ती म्हणाली.

पण माणसाला कशाचीही सवय होते. थोड्याच दिवसांत ती या चालीलाही बाबा म्हणू लागली. मग त्यात ते 'चुईं' मिसळलं तेव्हा तर म्हणाली, "हे बरं झालं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधल्यासारखं. कुठे आहात ते कळतं."

३

"बसा इथे आणि नुसतं ऐका," रेकॉर्डिस्ट म्हणाली.

काचेपलीकडच्या तिच्या खोलीत चालकर सहसा येत नसत. तिला एक सवय होती, दोन प्रसंगांच्या मध्ये ती मशीन बंद करत नसे. चालकर बूट बदलत, पाणी पीत, पडद्याकडे बघत उभे असत, आणि ते सगळं आपोआप भरलं जाई. त्यातलाच एक तुकडा तिने लावला.

शांतता. चालकरांचा श्वास. मग 'चुईं'. थोड्या वेळाने पुन्हा 'चुईं'.

"तेव्हा तुम्ही उभे होतात," ती म्हणाली. "मी काचेतून बघत होते. ढिम्म उभे होतात."

"एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकलं असेल."

"असेल." तिने दुसरा तुकडा लावला, मग तिसरा. "आता फक्त अंतर ऐका, काका."

त्यांना ते न सांगताच कळलं होतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं. पहिल्या तुकड्यातलं 'चुईं' लांबचं होतं, भिंतीजवळचं. दुसऱ्यातलं जवळचं. तिसऱ्यातलं त्याहून जवळचं. माइक त्यांच्या पायाशी होता आणि त्यांचा खुबा त्यांच्या अंगातच होता, तो काही भिंतीपाशी जाऊन परत येणार नव्हता. तिसऱ्या तुकड्यात 'चुईं'च्या पाठोपाठ आणखी एक आवाज होता, अगदी पुसट. कातडी तळव्याचा बूट लाकडावर टेकल्याचा.

त्यांनी त्या दिवशी कामात दिवसभर रबरी चपला घातल्या होत्या.

"माइक बदलून बघते," रेकॉर्डिस्ट म्हणाली. तिचा स्वर उडवून लावल्यासारखा होता, पण तिने हेडफोन टेबलावर जरा लांब सरकवून ठेवला. "तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून या. माझ्यासाठी."

सर्जनने टाळलं नाही. एक्स-रे काढला, पाय वाकवून, फिरवून पाहिला. गोळा आणि वाटी जागच्या जागी होते. "आवाज नवीन आहे म्हणून मला तो आवडत नाही," तो म्हणाला. "बारीक तडा एक्स-रेत दिसतोच असं नाही. पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅन करू. तोवर काम बंद, जिने बंद. अचानक कळ आली किंवा आत काही करकरलं तर तसेच उठून इकडे या."

चालकरांना हायसं वाटलं. तडा म्हणजे कसं, हाताला लागणारी गोष्ट. जे कानावर येत होतं त्याला नाव मिळालं. रिक्षातून घरी येताना त्यांनी स्वतःची यथेच्छ खरडपट्टी काढली: अंधाऱ्या खोलीत जन्म काढल्यावर माणसाच्या कानांना असले चाळे सुचायचेच.

मुलीने दार उघडलं ती तक्रार करतच. "दुपारभर पॅसेजमध्ये कसल्या येरझाऱ्या घालत होतात? सर्जनने चालायचं म्हणून सांगितलंय का? मी दार उघडायला आले तर तुम्ही थांबलात."

"उघडलंस?"

"तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. का हो?"

चालकर आत येऊन खुर्चीत बसले. दुपारभर ते हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते.

"यापुढे घंटा वाजली तरच उघडायचं," ते शेवटी म्हणाले. "पायांवरून नाही. आता काय लहान आहेस का?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "खेळ तुमचा, नियम तुमचा," ती म्हणाली, "आणि मोडताय पण तुम्हीच."

ती दुखावली होती. चालकरांना ते दिसत होतं, पण खरं कारण सांगायची सोय नव्हती. ते सांगितलं असतं तर तिने सर्जनऐवजी दुसऱ्याच डॉक्टरकडे नेलं असतं.

४

त्यावर त्यांनी त्यांच्या परीने तोड काढली. चाल परत करायची.

वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण वेडेपणाचाच प्रश्न असेल तर उत्तरही तसलंच असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती चाल आपण इतके महिने वापरली, आता सोडून द्यायची आणि आपली जुनी, जड-हलकी, टाच घासणारी चाल पुन्हा पायांत आणायची. मुलगी ती विसरली नसणार. मग कुणीही येऊन दाराशी उभं राहिलं तरी तिला फरक कळेल.

घरात सराव करणं शक्य नव्हतं, तिने लगेच टोकलं असतं. काम बंद ठेवायला सांगितलेलं असूनही ते सकाळीच स्टुडिओत गेले. रेकॉर्डिस्टला म्हणाले, "मला पाच-दहा मिनिटं फळीवर चालू दे. भर आणि मला ऐकव. मला माझं ऐकायचंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले."

तिने मान हलवली, पण माइक सुरू केला.

चालकर फळीवर उभे राहिले. उजवं जड. डावं हलकं. पहिली काही पावलं चक्क खोटी पडली, पाय आपोआप संथ व्हायला बघत होते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. डोळे मिटून आपल्या पॅसेजचा विचार केला, दाराआड कान लावून उभ्या असलेल्या पोरीचा विचार केला. आणि हळूहळू ती आली. उजवं, डावं, उजवं, डावं. इतक्या वर्षांनी पायाला स्वतःचं घर सापडल्यासारखं झालं, आणि चालकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता फक्त टाच घासायची राहिली होती.

त्यांनी उजवी टाच मागे ओढली आणि आत काहीतरी फुटलं.

आवाज त्यांनी स्वतः ऐकला. दगडावर कपबशी पडल्याचा आवाज, पण आपल्याच मांसाच्या आतून आलेला. त्यानंतर कळ आली, आणि पाय हलला तशी आत काचेचा चुरा करकरल्याची जाणीव झाली. ते आडवे पडले. पडता पडता त्यांना वाटलं की आपल्याला कुणीतरी ओलांडून गेलं, पण तेवढ्यात दार उघडून रेकॉर्डिस्ट धावत आली आणि तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

५

"गोळ्याचे तुकडे झाले होते," सर्जन पलंगाशी उभा राहून म्हणाला. "लाखात असे थोडेच निघतात, त्यात तुमचा नंबर लागला. तुकडे काढले, भोवतालचं अस्तर काढलं, पुन्हा पुन्हा धुतलं. तरी डोळ्याला न दिसणारे काही कण आत राहतात. म्हणून धातूचा गोळा घातला नाही, त्याला ते कण खाऊन टाकतात. गोळा पुन्हा सिरॅमिकचाच आहे, पण वाटी आता प्लॅस्टिकची आहे."

"आवाज?"

"आता येणार नाही. हा जोड तसा वाजूच शकत नाही."

चालकरांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "जुना कुठे आहे?"

"तपासणीला पाठवलाय. का, आठवण म्हणून हवा होता?" सर्जन हसला. चालकरांनी इतक्या जोरात मान हलवून नको म्हटलं की त्याचं हसू ओसरलं.

दोन दिवसांनी रेकॉर्डिस्ट भेटायला आली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मुलगी औषधं आणायला खाली गेल्यावर तिने पर्समधून एक छोटा प्लेअर काढला आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

"मी ठरवलं होतं नाही ऐकवायचं," ती म्हणाली. "पण एकटीला झेपत नाहीये."

उजवं जड, डावं हलकं. स्वतःची चाल ऐकून चालकरांचा ऊर भरून आला. मग टाच, मग तो फुटल्याचा आवाज, धप्प, त्यांची स्वतःची किंकाळी. खुर्ची मागे सरकली, दार उघडलं, "काका". आणि या सगळ्या गोंधळाखाली, फळीवर, कातडी तळव्यांची पावलं. संथ. सारख्या वजनाची. प्रत्येक पावलाआधी 'चुईं'. ती माइकजवळून सुरू झाली आणि लांब लांब गेली, दाराकडे.

"मी घाबरून धावले ना आत," रेकॉर्डिस्ट हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा दारातच मी बाजूला झाले. अंग चोरलं. कुणी बाहेर येत असलं की आपण जागा देतो ना, तसं. नंतर आठवलं मला. तिथे कुणीच नव्हतं, मग मी जागा कुणाला दिली?"

"घुमलं असेल," चालकर म्हणाले. "माझंच."

"त्या खोलीत काही घुमत नाही, काका. म्हणून तर आपण तिथे काम करतो."

जाताना तिने प्लेअर नेला नाही. "मला तो माझ्या घरात नको," एवढंच म्हणाली. चालकरांनाही तो नको होता, पण मुलीने सामानाबरोबर तो घरी आणला आणि त्यांच्या पलंगाशेजारच्या लाकडी स्टुलावर ठेवला. त्यांना करमत नाही म्हणून तिने त्याला एक छोटा स्पीकरही जोडून दिला.

६

घरी आल्यावर काही दिवस बरे गेले. पॅसेजमध्ये शेजाऱ्यांची पावलं वाजत, लिफ्टचं दार वाजे, आणि चालकर प्रत्येक पावलाला मनातल्या मनात त्याच्या मालकाचं नाव देत. ओळखू न येणारं एकही नव्हतं. मुलगी म्हणाली, "आता वाजत नाही म्हणे तुमचा खुबा. मला चुकल्याचुकल्यासारखं होणार."

त्या सकाळी फिजिओथेरपिस्ट आला आणि म्हणाला, आज वॉकर घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जाऊ. मुलगी मागच्या बाथरूममध्ये कपडे धूत होती. तिने तिथूनच ओरडून विचारलं, "बूट घातलेत ना?" तपकिरी, कातडी तळव्यांचे त्यांचे स्वतःचे बूट फिजिओथेरपिस्टने त्यांच्या पायांत चढवले आणि दोघं बाहेर गेले.

चार पावलांतच चालकरांना घाम फुटला. पावलं कुणाचीच नव्हती, नुसता वॉकर पुढे आणि पाय मागे. "पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं," म्हणत फिजिओथेरपिस्टने त्यांना परत आणून पलंगावर निजवलं, बूट काढून स्टुलापाशी ठेवले आणि पुढच्या पेशंटकडे निघाला. जाताना त्याने दार ओढून घेतलं, कडीचा खटका पडला. त्याचे रबरी तळवे लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट खाली गेली. बाथरूममध्ये नळ चालूच होता, त्यामुळे मुलीला हे परत आल्याचं कळलं नव्हतं.

चालकरांनी डोळे मिटले.

'चुईं'.

लिफ्टच्या बाजूने, पॅसेजच्या टोकाकडून. मग बूट. 'चुईं'. मग बूट.

आधी त्यांनी स्वतःला समजावलं. कुणाची तरी ट्रॉली असेल. कुणाची तरी पिशवी घासत असेल. मग आठवलं, माणसाचं पाऊल आणि पिशवी यांतला फरक कळण्याचंच तर आपण आयुष्यभर खाल्लं. पावलं संथ येत होती. दारं ओलांडत होती.

नळ बंद झाला. मुलगी हात पुसत बाहेर आल्याचं त्यांना ऐकू आलं, तिच्या सपाता. ती बाहेरच्या खोलीत थांबली, आणि तिने कान दिल्याचंही त्यांना कळलं.

"बाळा," त्यांनी जीव खाऊन हाक मारली, "मी आत आहे. दार उघडू नकोस."

बाहेरच्या खोलीत ती खुदकन हसली.

"ही युक्ती जुनी झाली हो, बाबा," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "कुठे ठेवलीय पेटी, स्टुलावर?"

आता बोलून उपयोग नव्हता. ते जितकं बोलतील तितकी तिची खात्रीच होणार होती. तिला पाय हवे होते. उठता तर येत नव्हतं, पण पाय नसले तरी पावलं काढता येतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी हात लांबवून स्टुलाजवळचे बूट ओढले, हातांत घातले, प्लेअर खाली ढकलून दिला आणि कुशीवर कलंडून स्टुलाच्या फळीवर चालायला सुरुवात केली. उजवं जड. डावं हलकं. माझी चाल, पोरी, तुला माहीत असलेली.

फळीवर संथ, सारख्या वजनाची पावलं वाजली.

त्यांनी हात थांबवले, पुन्हा सुरुवात केली. उजवं जड, ते स्वतःशी म्हणत होते, जड, जड. हात ऐकत नव्हते. हातांना ती एकच चाल येत होती. बाहेरची पावलं आणि आतली पावलं बरोबरीने पडू लागली, इतकी की ऐकणाऱ्याला ती एकच वाटावीत. मग शेवटच्या पावलाआधी दोन्ही किंचित थांबली.

'चुईं'.

"अगंबाई," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू पार गेलं होतं. "परत वाजायला लागला का हो? थांबा, हलू नका, आले मी."

कडी निघाली.

चालकरांनी पुन्हा हाक मारायचा प्रयत्न केला. बाहेर ती काळजीने बोलत होती, हळू, हा उंबरठा, माझा हात धरा, तो कुठे गेला तुम्हाला एकटं सोडून. तिला कुणी तोंडाने उत्तर देत नव्हतं. बूट घरात आले. त्यांच्या घराची फरशी त्या बुटांखाली कशी वाजते ते त्यांना पाठ होतं. पावलं खुर्चीला वळसा घालून नेमकी आली, कुठेही न अडखळता.

खोलीच्या दाराला पडदा होता. पडद्याखालून आधी मुलीच्या ओल्या सपाता दिसल्या आणि त्यांच्या शेजारी तपकिरी बुटांची टोकं. चालकरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हातांत तेच बूट होते, उजव्याच्या टोकावर तोच ओरखडा होता.

टोकं किंचित थांबली.

मुलीने एका हाताने पडदा बाजूला केला. दुसऱ्या हाताने तिने कुणाचा तरी कोपर जपून धरला होता. तिने पलंगाकडे पाहिलं. हातांत बूट घालून कुशीवर पडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि दचकून एक पाऊल मागे, त्या कोपराच्या आधाराला सरकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, पण चालकरांकडे बघून नाही, "हे कोण आहेत?"